पडद्यावर उभारलेले संगणकांचे जाळे

प्रस्तावना

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरील कर्मचारी अमुक गाडीत अमुक दिवशी किती जागा शिल्लक आहेत, हे क्षणात सांगतो. ही माहिती त्याच्या पुढ्यातील संगणकात साठविलेली नसते. ती दूरच्या केंद्रातील संगणकाकडून त्याच्यापर्यंत येते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथील रेल्वेची पाच आरक्षण केंद्रे १९९९ साली परस्परांना जोडली गेली. त्यामुळे एका शहरातील खिडकीवर दुसऱ्या शहरातून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळणे सुलभ झाले. बँका, टपाल कार्यालये, रुग्णालये आणि ग्रंथालये यांचे व्यवहारही आज अशाच जोडणीवर चालतात. एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करू शकतील अशा रीतीने जोडलेल्या संगणकांच्या समूहाला संगणकांचे जाळे किंवा नेटवर्क असे म्हणतात.

जाळे सुरळीत चालू असते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ते बंद पडले की मात्र खिडकीपुढची रांग थांबते, आणि सर्वांच्या नजरा ते दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे वळतात. हे काम केवळ वाचून येत नाही, त्याला सराव लागतो. परंतु सरावासाठी लागणारी यंत्रे प्रत्येकाला विकत घेता येत नाहीत आणि चालू कार्यालयाच्या जाळ्यावर प्रयोग करण्याची परवानगी कुणी देत नाही. ही अडचण सिम्युलेशन सॉफ्टवेअरमुळे बऱ्याच अंशी दूर होते. अशा सॉफ्टवेअरच्या साह्याने एक साधे जाळे कसे उभारावे आणि त्यात बिघाड झाल्यास त्याचे कारण कसे शोधावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा सांगणे;
- स्विच आणि राऊटर यांच्या कामातील फरक स्पष्ट करणे;
- आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे यांचा अर्थ सांगणे;
- दोन विभागांचे साधे जाळे पडद्यावर उभारणे;
- जाळ्यातील बिघाडाचे कारण क्रमाक्रमाने शोधणे.

मूलपाठ

१. सिम्युलेशन म्हणजे काय?

एखाद्या खऱ्या गोष्टीचे वागणे संगणकावर हुबेहूब घडवून दाखविणे म्हणजे सिम्युलेशन होय. वैमानिकाला प्रत्यक्ष विमान हाती देण्यापूर्वी विमानासारख्याच एका बंदिस्त कक्षात बसवून सराव देतात. तेथे विमान कोसळले तरी कुणाला इजा होत नाही, परंतु ते का कोसळले हे वैमानिकाला कळते. जाळ्याच्या सिम्युलेशनचाही हाच लाभ आहे. पडद्यावरचे जाळे बंद पडल्याने कुणाचे काम अडत नाही. मात्र ते ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने खरे जाळेही बंद पडत असते.

अशा सॉफ्टवेअरपैकी पॅकेट ट्रेसर हे जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये विशेष रुळलेले आहे. जाळ्यांची यंत्रे तयार करणाऱ्या सिस्को या अमेरिकन कंपनीने ते तयार केले आहे. या कंपनीने १९९७ साली नेटवर्किंग अकॅडमी हा शिक्षणविषयक उपक्रम सुरू केला. या उपक्रमाच्या संकेतस्थळावर नाव नोंदविणाऱ्यास पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांसाठी ते उपलब्ध आहे.

सॉफ्टवेअर उघडले की पडद्यावर एक मोठी कोरी जागा दिसते. जाळे तेथेच मांडावयाचे असते. खालच्या बाजूस यंत्रांची आणि केबलींची चित्रे गटागटांनी ठेवलेली असतात. हवे ते चित्र निवडून कोऱ्या जागेवर क्लिक केले की ते यंत्र तेथे उभे राहते. सॉफ्टवेअरमधील सूचना इंग्रजीत आहेत. पत्त्यांचे आकडे आणि आज्ञाही इंग्रजी अंकांत व अक्षरांतच टाकाव्या लागतात, हे ध्यानात ठेवावे.

२. आधी आराखडा, मग जोडणी

घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, त्याप्रमाणे जाळे उभारण्यापूर्वी त्याचा आराखडा कागदावर काढावा. समजा, एका सार्वजनिक ग्रंथालयाचे दोन विभाग आहेत. देवघेव विभागात तीन संगणक असून त्यांवर सभासदांच्या आणि पुस्तकांच्या नोंदी होतात. शेजारच्या अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसाठी दोन संगणक आहेत. अभ्यासिकेतील विद्यार्थ्याला हवे असलेले पुस्तक उपलब्ध आहे की नाही, हे तेथूनच पाहता यावे अशी ग्रंथपालांची इच्छा आहे. म्हणजे दोन्ही विभाग वेगळे राहावेत, परंतु त्यांच्यात संपर्कही असावा.

यासाठी दोन प्रकारची यंत्रे लागतात. पहिले यंत्र स्विच. एका विभागातील सर्व संगणक एका स्विचला जोडले जातात आणि स्विच त्यांचे संदेश योग्य संगणकाकडे पोहोचवितो. दुसरे यंत्र राऊटर. तो दोन निरनिराळ्या जाळ्यांच्या सीमेवर असतो आणि एका जाळ्यातील संदेश दुसऱ्या जाळ्यात नेतो. थोडक्यात, स्विच हा एका गल्लीतील घरे जोडतो, तर राऊटर दोन गल्ल्या जोडतो. ग्रंथालयाच्या आराखड्यात म्हणून पाच संगणक, दोन स्विच आणि एक राऊटर असेल.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा :

(अ) दोन निरनिराळी जाळी जोडणाऱ्या यंत्रास ______ म्हणतात.
(आ) पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर ______ या कंपनीने तयार केले आहे.
(इ) जाळे उभारण्यापूर्वी त्याचा ______ काढावा.

३. पहिला विभाग जोडणे

प्रथम केवळ देवघेव विभाग उभारावा. तीन संगणक आणि २९६० या क्रमांकाचा एक स्विच पडद्यावर मांडावा. या स्विचला केबल जोडण्याच्या चोवीस साध्या आणि दोन अधिक वेगवान जागा असतात. अशा जागेला पोर्ट म्हणतात. केबलींच्या गटातून कॉपर स्ट्रेट-थ्रू ही केबल निवडावी. पडद्यावर ती सलग काळ्या रेषेने दाखविलेली असते. या केबलीने प्रत्येक संगणकाचे पोर्ट स्विचच्या एकेका पोर्टाला जोडावे.

जोडणी होताच केबलीच्या संगणकाकडील टोकाला हिरवी खूण दिसते, परंतु स्विचकडील टोकाला मात्र नारिंगी खूण असते. हा बिघाड नव्हे. सुमारे अर्ध्या मिनिटाने ती खूण आपोआप हिरवी होते. तेवढ्या वेळात स्विच एक महत्त्वाची तपासणी करीत असतो. अनेक स्विच परस्परांना अशा रीतीने जोडले गेले की त्यांच्यात वर्तुळ तयार झाले, तर काही संदेश त्या वर्तुळात अखंड फिरत राहतात आणि सारे जाळे ठप्प होते. असे वर्तुळ नाही ना, याची खात्री पटेपर्यंत स्विच ते पोर्ट वाहतुकीस खुले करीत नाही. ही पद्धत राडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८५ साली शोधून काढली. खऱ्या स्विचवरही नवी केबल जोडल्यानंतर असाच विलंब होऊ शकतो. तो ठाऊक नसलेला नवशिका तंत्रज्ञ चांगली केबल उगाच काढून पुन्हा बसवीत राहतो.

४. पत्ता आणि मास्क

केबल जोडली म्हणजे रस्ता तयार झाला. परंतु रस्ता असूनही घराला पत्ता नसेल तर पत्र पोहोचत नाही. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक आयपी पत्ता द्यावा लागतो. या पत्त्यात चार संख्या असून त्या टिंबांनी विभागलेल्या असतात, आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. १९२.१६८.१.११ हे अशा पत्त्याचे उदाहरण आहे. अधिक लांबीच्या नव्या पत्त्यांची पद्धतही प्रचारात आहे, परंतु या पाठात चार संख्यांच्या पत्त्याचाच विचार केला आहे.

पत्त्याबरोबर सबनेट मास्क नावाची आणखी एक संख्या लिहावी लागते. नवशिक्यांना ती निरर्थक वाटते. तिचा अर्थ समजून घेण्यासाठी टपालाच्या पिनकोडचे उदाहरण उपयोगी पडेल. भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्याकडे या योजनेचे श्रेय जाते. पिनकोडच्या सहा अंकांपैकी पहिले तीन अंक पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्या जिल्ह्यातील टपाल कार्यालय सांगतात. सहा अंक सलग लिहिलेले असले तरी त्यांचे दोन भाग आहेत, आणि ते कोठे तुटतात हे टपाल खात्याला ठाऊक असते.

आयपी पत्त्याचेही असेच दोन भाग असतात : एक जाळ्याचा आणि दुसरा त्या जाळ्यातील संगणकाचा. हे भाग कोठे तुटतात, ते मास्क सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पत्त्यातील पहिल्या तीन संख्या जाळ्याच्या आणि शेवटची संख्या संगणकाची असे समजावे. त्यामुळे १९२.१६८.१.११ आणि १९२.१६८.१.१२ हे एकाच जाळ्यातील शेजारी होत. मात्र १९२.१६८.२.११ हा पत्ता दिसायला जवळचा असला तरी दुसऱ्या जाळ्यातील आहे.

शेवटच्या जागी ० ते २५५ अशा २५६ संख्या येऊ शकतात. त्यांपैकी ० ही संख्या संपूर्ण जाळ्याचा निर्देश करण्यासाठी आणि २५५ ही जाळ्यातील सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखून ठेवलेली असते. म्हणून अशा जाळ्यात २५४ यंत्रांना पत्ते देता येतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. त्यामुळे असंख्य घरांत आणि कार्यालयांत तेच पत्ते असूनही त्यांचा परस्परांशी गोंधळ होत नाही.

आता संगणकाच्या चित्रावर क्लिक करावे, डेस्कटॉप या भागात जावे आणि आयपी कॉन्फिगरेशन उघडावे. तीन संगणकांना अनुक्रमे १९२.१६८.१.११, १९२.१६८.१.१२ आणि १९२.१६८.१.१३ हे पत्ते द्यावेत. मास्क तिघांचाही २५५.२५५.२५५.० असा ठेवावा. दिलेला प्रत्येक पत्ता त्याच वेळी वहीत लिहून ठेवावा. पुढे बिघाड शोधताना ही नोंद फार उपयोगी पडते.

५. जाळे बोलू लागते

जोडणी यशस्वी झाली की नाही, हे पाहण्यासाठी पिंग नावाची आज्ञा वापरतात. माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ साली तयार केली. पाणबुडी समुद्रात ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काही आहे का ते ओळखते. त्या ध्वनीवरूनच या आज्ञेला पिंग हे नाव मिळाले. पहिल्या संगणकाच्या डेस्कटॉपमधील कमांड प्रॉम्प्ट उघडून तेथे पिंग हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्या संगणकाचा पत्ता टाकावा. संगणक चार लहान संदेश पाठवितो. चारही उत्तरे आली, म्हणजे दोन्ही संगणक एकमेकांना ओळखू लागले.

हे सारे एका सेकंदापेक्षाही कमी वेळात घडते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. पॅकेट ट्रेसरचे खरे मोल येथे कळते. त्यातील सिम्युलेशन हा प्रकार निवडला की काळ जणू थांबतो आणि संदेश एकेका टप्प्याने पुढे सरकताना दिसतो. संदेशाचा असा प्रत्येक तुकडा म्हणजे पॅकेट. ते पडद्यावर लहानशा लिफाफ्याच्या रूपात दिसते.

नव्याने उभारलेल्या जाळ्यात हा प्रयोग केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. पहिला लिफाफा पिंगचा नसतोच. प्रत्येक संगणकाला आयपी पत्त्याखेरीज आणखी एक पत्ता असतो. तो यंत्र बनविणाऱ्या कारखान्यातच दिला जातो आणि त्याला मॅक पत्ता म्हणतात. एका विभागातील संदेश प्रत्यक्षात याच पत्त्यावर पोहोचविले जातात. पहिल्या संगणकाला दुसऱ्याचा आयपी पत्ता ठाऊक आहे, पण मॅक पत्ता ठाऊक नाही. म्हणून तो आधी साऱ्या विभागाला विचारतो, ‘१९२.१६८.१.१२ हा पत्ता कुणाचा आहे?’ स्विच हा प्रश्न उरलेल्या सर्व संगणकांकडे धाडतो. तिसरा संगणक तो प्रश्न आपल्यासाठी नाही हे पाहून टाकून देतो आणि त्याच्या लिफाफ्यावर फुली दिसते. दुसरा संगणक मात्र आपला मॅक पत्ता कळवितो. त्यानंतरच पिंगचा संदेश निघतो.

या वेळी स्विचही शिकत असतो. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टाकडून आला, याची तो नोंद ठेवतो. पुढचा संदेश तो सर्वांना न धाडता नेमक्या पोर्टाकडे सोडतो. यावरून असे दिसते, की जाळ्यातील यंत्रांना काहीही आपोआप ठाऊक नसते. ती विचारतात, उत्तर ऐकतात आणि लक्षात ठेवतात.

पाठगत प्रश्न २

पुढील विधाने बरोबर की चूक ते सांगा :

(अ) स्विचकडील नारिंगी खूण म्हणजे केबल खराब असणे होय.
(आ) मास्क २५५.२५५.२५५.० असताना १९२.१६८.१.२० आणि १९२.१६८.१.२०० हे एकाच जाळ्यातील पत्ते आहेत.
(इ) मॅक पत्ता ठाऊक नसल्यास संगणक आधी सर्वांना विचारतो.

६. दुसरा विभाग आणि सीमेवरचा दरवाजा

आता अभ्यासिकेसाठी दुसरा स्विच आणि दोन संगणक मांडावेत. त्यांना १९२.१६८.२.११ आणि १९२.१६८.२.१२ हे पत्ते द्यावेत. मास्क पूर्वीचाच ठेवावा. त्यानंतर मध्यभागी १९४१ या क्रमांकाचा राऊटर ठेवून त्याचे एक पोर्ट देवघेव विभागाच्या स्विचला आणि दुसरे पोर्ट अभ्यासिकेच्या स्विचला जोडावे. या जोडणीसाठीही कॉपर स्ट्रेट-थ्रू हीच केबल वापरावी.

केबल जोडूनही येथे लाल खूण दिसते. स्विचची पोर्टे आरंभापासून चालू असतात, तर सिस्कोच्या राऊटरची पोर्टे बंद असतात. राऊटर सीमेवरचा दरवाजा असल्यामुळे तो कुणीतरी जाणीवपूर्वक उघडावा, अशी योजना केलेली आहे. राऊटरवर क्लिक करून कॉन्फिग या भागात जावे, दोन्ही पोर्टे चालू करावीत आणि त्यांना अनुक्रमे १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.२.१ हे पत्ते द्यावेत. राऊटरला दोन पत्ते असतात, कारण तो दोन्ही जाळ्यांचा सभासद असतो.

एवढे झाल्यावर देवघेव विभागातून अभ्यासिकेच्या संगणकाला पिंग केले तरी उत्तर येत नाही. पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली, असा मजकूर उमटतो. केबली योग्य आहेत, पत्ते योग्य आहेत, दरवाजाही उघडा आहे. परंतु तो दरवाजा कोठे आहे, हे संगणकांना कुणी सांगितलेलेच नाही. आपल्या जाळ्याबाहेरचा संदेश ज्या पत्त्यावर सोपवावयाचा, त्या पत्त्यास डिफॉल्ट गेटवे असे म्हणतात. देवघेव विभागातील तिन्ही संगणकांत १९२.१६८.१.१ आणि अभ्यासिकेतील दोन्ही संगणकांत १९२.१६८.२.१ हा गेटवे लिहावा, आणि पुन्हा पिंग करावे.

या वेळी पहिल्या संदेशाचे उत्तर बहुधा येत नाही आणि पुढील तीन संदेशांची उत्तरे येतात. हा दोष नव्हे. राऊटरलाही अभ्यासिकेच्या संगणकाचा मॅक पत्ता विचारून घ्यावा लागतो आणि त्या खटाटोपात पहिले पॅकेट गळते. दुसऱ्यांदा पिंग केले की चारही उत्तरे मिळतात.

७. मुद्दाम केलेली चूक

जाळे चालू झाले म्हणजे अभ्यास संपला असे नाही. आतापर्यंतचे काम प्रथम सेव्ह करून ठेवावे आणि मग त्यात मुद्दाम बिघाड घडवून पाहावा. खऱ्या कार्यालयात असे करता येत नाही, पडद्यावर मात्र अवश्य करावे.

पहिला प्रयोग : देवघेव विभागातील तिसऱ्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१३ ऐवजी १९२.१६८.११.१३ असा लिहावा. एकच अंक अधिक पडला आहे. केबलीची खूण हिरवीच राहते, परंतु शेजारच्या संगणकाशी संपर्क तुटतो. मास्कच्या हिशेबाने हा संगणक आता दुसऱ्याच जाळ्यातला झालेला असतो. हिरवी खूण केवळ केबल ठीक असल्याचे सांगते, पत्ता ठीक असल्याचे सांगत नाही.

दुसरा प्रयोग : पत्ता पूर्ववत करावा आणि अभ्यासिकेतील पहिल्या संगणकाचा गेटवे पुसून टाकावा. देवघेव विभागातून त्याला पिंग केल्यास उत्तर येत नाही. संदेश पोहोचलाच नसावा, असे वाटते. सिम्युलेशन प्रकारात पाहिल्यास मात्र वेगळेच चित्र दिसते. लिफाफा राऊटर ओलांडून अभ्यासिकेच्या संगणकापर्यंत सुखरूप पोहोचतो. तो संगणक उत्तरही देऊ पाहतो. पण परतीचा दरवाजा त्याला ठाऊक नसल्याने उत्तर तेथेच अडते. त्या लिफाफ्यावर क्लिक केले की गेटवे लिहिलेला नाही, हे कारणही वाचावयास मिळते.

हा प्रयोग विशेष बोलका आहे. उत्तर न येणे आणि संदेश न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याला ठाऊक नाही, तो देवघेव विभागातील निर्दोष संगणकाची तपासणी करण्यात सारी दुपार घालवील. ज्याला ठाऊक आहे, तो दोन्ही टोके तपासील आणि पाच मिनिटांत पुसलेला गेटवे पुन्हा लिहील.

बिघाड शोधताना जवळून दूर जाण्याचा क्रम पाळावा :

१. केबलीच्या दोन्ही टोकांच्या खुणा पाहाव्यात.
२. आपल्या संगणकाचा पत्ता, मास्क आणि गेटवे वहीतील नोंदीशी ताडून पाहावेत.
३. त्याच विभागातील शेजारच्या संगणकाला पिंग करावे.
४. आपल्या गेटवेला पिंग करावे.
५. शेवटी दुसऱ्या विभागातील संगणकाला पिंग करावे आणि उत्तर न आल्यास त्याही संगणकाची मांडणी तपासावी.

ज्या पायरीवर उत्तर थांबते, तेथेच किंवा तिच्या लगत दोष असतो. क्रम सोडून एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यास जाळे कदाचित चालू होईल, परंतु कोणत्या बदलाने चालू झाले हे कळणार नाही, आणि तोच बिघाड पुन्हा झाला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागेल.

८. पडद्याबाहेरचे जाळे

पडद्यावरची केबल कधी तुटत नाही, उंदीर ती कुरतडत नाहीत आणि तिच्या टोकाला कनेक्टर बसविण्याचे कौशल्यही लागत नाही. खऱ्या केबलीत आठ बारीक तारा असून त्या ठरावीक रंगक्रमाने बसवाव्या लागतात. एकीची जागा चुकली तरी जोडणी बिघडू शकते. अशी तांब्याची केबल एका टप्प्यात शंभर मीटरपेक्षा लांब नेऊ नये, असा संकेत आहे. विजेचा चढउतार, धूळ आणि उष्णता हे खऱ्या यंत्रांचे नित्याचे शत्रू आहेत. याखेरीज, खऱ्या यंत्रांवर चालणाऱ्या सर्वच आज्ञा पॅकेट ट्रेसरमध्ये चालत नाहीत.

वर उभारलेल्या जाळ्याचीही एक उणीव ध्यानात घ्यावी. यातील राऊटर दोन्ही विभागांतील संदेश मुक्तपणे जाऊ देतो. पुस्तकांची यादी सर्वांना दिसावी, पण सभासदांच्या खासगी नोंदी दिसू नयेत, यासाठी निराळे नियम घालावे लागतात. तो पुढील अभ्यासाचा विषय आहे.

हाताचे कौशल्य खऱ्या केबलीवरच येते. पडद्यावर मात्र बिघाडाकडे पाहण्याची शिस्त अंगी बाणते. अंदाजाने हात घालण्याऐवजी कारण शोधण्याची सवय लागते. प्रत्यक्ष कामावर जाताना ही सवय शिदोरीसारखी बरोबर असते.

शब्दार्थ

आराखडा – कामाची पूर्वयोजना दाखविणारी आकृती
विदुषी – विद्वान स्त्री
पूर्ववत – पहिल्यासारखे
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
ठप्प होणे – पूर्णपणे थांबणे
खटाटोप – धडपड, उठाठेव
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. (येथे) पुढे उपयोगी पडणारी गोष्ट

तुम्ही काय शिकलात?

- सिम्युलेशनमुळे कुणाचेही नुकसान न होता जाळे उभारण्याचा आणि दुरुस्त करण्याचा सराव करता येतो.
- स्विच एका जाळ्यातील संगणक जोडतो, राऊटर निरनिराळी जाळी जोडतो.
- सबनेट मास्क हा आयपी पत्त्याचे जाळे आणि संगणक असे दोन भाग पाडतो.
- जाळ्याबाहेरचा संदेश डिफॉल्ट गेटवेवर सोपविला जातो. तो दोन्ही बाजूंच्या संगणकांत लिहिलेला असावा लागतो.
- बिघाड शोधताना जवळून दूर जावे आणि एका वेळी एकच बदल करावा.

पाठान्त प्रश्न

१. सबनेट मास्कचे कार्य पिनकोडच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘उत्तर न येणे आणि संदेश न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ हे विधान पाठातील प्रयोगाच्या आधारे समजावून सांगा.
३. राऊटरची पोर्टे आरंभी बंद का ठेवलेली असतात?
४. पडद्यावरील सरावाच्या मर्यादा तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखादी शाळा, दुकान किंवा कार्यालय डोळ्यांपुढे ठेवून दोन विभागांच्या जाळ्याचा आराखडा काढा. प्रत्येक यंत्राचा पत्ता, मास्क आणि गेटवे यांचा तक्ता तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) राऊटर (आ) सिस्को (इ) आराखडा
२. (अ) चूक (आ) बरोबर (इ) बरोबर